तुम्ही विचारलंत म्हणून: शांतीदांची बॅलेमंडळी

मुलांना माझ्या नाचाच्या वर्गावर सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही सारखं लिटल बॅले ट्रूपचं नाव घेता. ही संस्था कुठली, आणि तिथे शिकवायचं कोण?" दारात उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

नृत्यनाट्यं बसवणारी ही संस्था आपल्या मुंबईतच जन्मली, १९५२ साली. शांती बर्धन यांनी ती काढली. ते मूळचे कुमिल्ल्याचे, मणिपुरी नृत्याचे जाणकार. त्याआधी ते अल्मोड्याला नर्तक उदय शंकरांच्या कलाकेंद्रात होते. तिथे कथकळीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिळ्ळै, संगीताला साक्षात अल्लाउद्दीन खाँ! असं गुरुकुल पुन्हा झालं नाही, असं मला मनापासून वाटतं. पैशाअभावी ते काही वर्षांतच बंद पडलं. शांतीदा मुंबईला आले आणि इप्टाच्या, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या नाट्यचळवळीच्या, मध्यवर्ती पथकात सामील झाले. बंगालच्या दुष्काळानंतरचा तो काळ. अंधेरीत सगळे कलावंत एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे आणि तालीम करायचे. गुल झवेरी ही गुजराती घरातली मुंबईकर मुलगी तिथलीच. पुढे शांतीदांशी लग्न करून ती गुल बर्धन झाली, आमच्या गुलदी.

मग शांतीदांना क्षयाने गाठलं. संस्था त्यांनी काढली ती या दुखण्यातून उठल्यावर. मला हे फार मोठं वाटतं. ज्याचं स्वतःचं शरीर साथ देत नाही तो माणूस इतरांच्या शरीरांतून रामायण उभं करायला निघाला, आणि तेही कळसूत्री बाहुल्यांच्या चालीत! नर्तकांनी मुखवटे घालायचे, कोपर, मनगट, मान दोरीने ओढल्यासारखी झटक्यात हलवायची. प्रेक्षकाला दोरी दिसत नाही, पण ती आहे असं सतत वाटत राहतं. चेहऱ्यावरचा अभिनय मुखवट्याआड गेला, की राग, दुःख, लाज सगळं खांद्यातून आणि पावलांतून बोलावं लागतं. म्हणूनच मी मुलांना कधी कधी तोंडावर कागद बांधून नाचायला लावते. तुम्ही चकित होता, पण ही कल्पना मला तिथूनच सुचली. ते मुखवटे आणि वेश अप्पुण्णी कर्ता यांचे, संगीत बहादुर खाँ यांचं.

त्यानंतर पंचतंत्र घेतलं, आणि ते बसवता बसवताच १९५४ मध्ये शांतीदा गेले. जेमतेम दोन वर्षांची संस्था, कर्ताच नाही, हातात अर्धवट रचना. आपल्याकडे अशा वेळी मंडळी पांगतात. इथे पांगली नाहीत. संस्थेतल्याच प्रभात गांगुलींनी सहकाऱ्यांना घेऊन पंचतंत्र पुरं केलं आणि संस्थेची धुरा गुलदींनी उचलली. तुम्ही मला शिक्षक कोण म्हणून विचारता ना, त्याचं माझं उत्तर हे आहे: अर्धं राहिलेलं काम त्याच वळणाने पुढे नेता येईल इतकं ज्याने शिष्यांच्या अंगात मुरवलं, तो शिक्षक. आणि तसंच पुढे नेणारे हे दोघेही.

मुंबईत मात्र संस्था राहिली नाही. १९६४ च्या सुमारास ती ग्वाल्हेरला गेली आणि पुढे भोपाळला. तिथे ती रंगश्री लिटल बॅले ट्रूप म्हणून ओळखली जाते. इतकी मोठी गोष्ट आपल्या शहरातून गेली, याची मला अजून चुटपुट लागते. गुलदींना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. शांतीदांनंतर पन्नासहून अधिक वर्षं त्या हे काम करत राहिल्या.

नावात बॅले आहे म्हणून काही पालक विचारतात, यात पाश्चात्त्य बॅलेसारखं पायाच्या टोकावर उभं राहायचं असतं का? नाही. ते शिकायचं असेल तर मुंबईत त्याचे चांगले वर्ग आहेत, तिकडे मुलीला खुशाल घाला. पण रामायणाचा प्रयोग कुठे लागला, तर मुलांना आधी तो दाखवा, आणि पुढच्या रांगेत बसवा. मनगटं नीट दिसली पाहिजेत.