तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावर कुठली गाडी चालवायची?

एप्रिल-मे महिन्यांत आमच्या घरी येणारा माणूस दोनच गोष्टींची चौकशी करतो. आधी आंब्याच्या पेटीचा भाव विचारतो, मग खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या असलेल्या माझ्या लाल धुळीने माखलेल्या उंच मोटरसायकलची. मुंबईचे भाचे, पुण्याहून आलेले त्यांचे मित्र, परवा तर आंबा न्यायला आलेला टेम्पोवालासुद्धा. सगळ्यांचा क्रम ठरलेला. तिच्याभोवती एक फेरी मारायची, सीटवर बसून बघायचं, पाय नीट टेकत नाहीत म्हणून हळूच उतरायचं आणि म्हणायचं, "काका, अशी गाडी घ्यायची तर कुठली घेऊ? फार महाग नको, सारखा खर्च नको. रविवारी सड्यावर, समुद्रावर जरा मजेत फिरता आलं पाहिजे."

महाग नको, खर्च नको, इथवर ठीक. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार, तेही ठीक. 'समुद्रावर' म्हटलं की मी अडतो. ते पुढे सांगतो.

आधी एक नावडतं उत्तर. विचारणाऱ्या दहांतल्या सहा जणांना नवीन गाडीची गरजच नसते. आमच्या देवगड तालुक्यात कलमांच्या बागेत जाणारा माणूस अजूनही स्प्लेंडरवर जातो. मागे फवारणीचा पंप, हँडलला डबा, कधीकधी आडवी धरलेली घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी), आणि खाली जी वाट असते तिला वाट म्हणणं हाच मोठेपणा. 97 सीसीचं इंजिन, वजन सव्वाशे किलोच्या आत, आणि मागच्या चाकाला जरा खोल नक्षीचा टायर. एवढ्यावर लोक वीस-वीस वर्षं काढतात. तेव्हा घरात तशी जुनी गाडी पडून असेल तर एक मोसम तिच्यावर काढा. कुठे अडतं ते कळेल. कुणाचा चेंबर दगडाला लागतो, कुणाची कंबर धरते. जिथे अडेल तेवढ्यासाठीच पैसे घाला.

आता त्या उरलेल्या चौघांसाठी.

माझा एक चुलतभाऊ पुण्यात असतो. मोठी, दोनशे किलोच्या घरातली नवीकोरी ॲडव्हेंचर गाडी घेऊन तो जूनमध्ये गावी आला. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. पाऊस लागून पंधरा दिवस झाले होते. साकवावरून, म्हणजे लहान पुलावरून, जायचं सोडून हा बाजूने व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरला, कारण मोबाइल धरून मी उभा होतो. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण तळाच्या जांभ्यावर शेवाळ. पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. त्याला लागलं नाही. सायलेन्सरचा फुस्स आवाज मात्र अजून कानात आहे. आम्ही दोघांनी उचलायला बघितलं, गाडी वीतभर उठायची आणि पुन्हा बसायची. शेवटी मी वाडीत जाऊन दोन माणसं आणि गोठ्यातलं दावं घेऊन आलो. त्यातल्या म्हाताऱ्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि विचारलं, "एकटो असतंस तर काय केलं असतंस?"

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याला मी सीसी विचारत नाही, बजेट विचारत नाही. पडली तर एकट्याने उचलता येईल का, एवढंच विचारतो. कारण ती पडणारच. सड्यावर तासभर फिरलात तर चढावर बंद पडून, वळताना पाय खड्ड्यात जाऊन, काहीच नाही तर स्टँड मऊ मातीत रुतून उभी गाडी पडेल. आणि सड्यावर मदतीला हाक मारायची तर टिटवी तेवढी ऐकते.

दुसरा प्रश्न, दुरुस्त कोण करणार? आमच्या नाक्यावर एक गॅरेज आहे. तिथला मेस्त्री तुमच्या गाडीचं इंजिन आवाजावरून ओळखतो, पण लॅपटॉप जोडायची गाडी आणली की हात वर करतो. "माझ्याकडे पानो आणि पकड आसा. तुझ्या गाडीचो कॉम्प्युटर बिघाडलो तर कणकवलीक जा." म्हणून मी म्हणतो, इंजिन एक सिलेंडरचं आणि हवेवर थंड होणारं बघा. रेडिएटरवाल्या गाड्या जोरकस असतात, हायवेला तर सुखच. पण करवंदीच्या जाळीतून जाताना पुढे पाण्याचा रेडिएटर, त्याचे नळ, त्याचा पंखा हे सगळं सांभाळायचं कशाला? मजेसाठी फिरणाऱ्याला ते नको.

मग उरतं काय? सध्या आपल्याकडे या किमतीत फार काही उरत नाही. 2011 साली हिरोने इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी काढली होती. वेळेच्या आधी आली बिचारी. जुनी स्वस्तात मिळते, पण ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, पार्ट शोधण्यात जीव जातो. त्यानंतर 2019 मध्ये त्यांचीच एक्सपल्स 200 आली. माझी तीच, पहिल्या वर्षाची, कार्बोरेटरवाली. पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची तारांची चाकं, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंची, पुढचा शॉकॲब्सॉर्बर 190 मिलिमीटर दबतो. वजन दीडशे किलोच्या किंचित वर. सीट 823 मिलिमीटर उंच आहे. माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, एका बाजूला सरकून एक पाय टेकायची सवय करावी लागते. हायवेला ऐंशीच्या पुढे ती कुरकुरते. मला चालतं, मला नांदगाव तिठ्यापलीकडे फारसं जायचंच नसतं. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनवरही मी बसलोय, लांबच्या प्रवासाला ती कितीतरी आरामशीर. पण व्हाळातली ती गाडी आठवते आणि मी गप्प बसतो.

नवीनच घ्या असं मी कुणाला म्हणत नाही. मी जुनी घेतली, आणि मुद्दाम घाटावरची. कोकणात वापरलेली गाडी बाहेरून चकचकीत दिसली तरी खाऱ्या वाऱ्याने आतून खाल्लेली असते. कोल्हापूरच्या माणसाकडून 78 हजारांना घेतली आणि राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने खाली आणली. घेताना टाकी-बिकी बघू नका, ती पुसून ठेवलेली असते. चाकाच्या तारा जिथे रिमला मिळतात तिथे नखाने खरवडून बघा. इंजिनाखाली टेकू देऊन पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध किंचित अडकल्यासारखं झालं तर हँडलचं बेअरिंग गेलंय. मागचं चाक धरून आडवं हलवा. चेसीचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. बाहेरच्या जिल्ह्यातली असेल तर नावावर करायला ओरोसच्या आरटीओत खेपा आहेत, त्या धरूनच भाव करा.

'मेंटेनन्स नको' म्हणणाऱ्यांना मी हसत नाही, कारण मीही तेच म्हणायचो. गाडी आल्याच्या पहिल्या रविवारी मिठमुंबरीच्या ओल्या वाळूत मी ती दामटली, फोटो काढले, घरी येऊन पंख्याखाली झोपलो. पुढच्या शनिवारी साखळी हातात घेतली तर कडी न् कडी तांबडी. दोन-तीन कड्या अशा आखडल्या होत्या की साखळी सरळ होईना, मधेच कोपर काढल्यासारखी उभी राहायची. मेस्त्रीने ती उचलून पाहिली आणि काही न बोलता भंगारात टाकली. तेव्हापासून समुद्राजवळून जरी आलो तरी आधी विहिरीचं गोडं पाणी. बादलीने ओतायचं. सर्व्हिस सेंटरातला जोराचा फवारा बेअरिंगवर मारायचा नाही, मीठ आतच ढकललं जातं. मग साखळी रॉकेल नाहीतर डिझेलने पुसून, सुकवून, गिअर ऑइलचं बोट फिरवायचं. दहा मिनिटांचं काम आहे, चहा उकळेपर्यंत होतं.

मीठ निदान दिसतं तरी. आपली लाल माती पिठासारखी असते, उन्हाळ्यात एअर फिल्टरमध्ये थराने बसते. इंजिन हळूहळू दमतं, पेट्रोल जास्त पितं, आणि आपल्याला वाटतं गाडी म्हातारी झाली. फिल्टर काढून एकदा झटकून बघा, मांजरपाटाच्या पिशवीतून हळद सांडावी तशी माती पडते. आणि पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. ओलाव्याला काय तोटा?

पंक्चरचं एकच सांगतो. 21 इंची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून एक जवळ बाळगा. मागचं पंक्चर झालं तरी तीच घडी घालून मागे बसवता येते, घरापर्यंत आणते.

आता समुद्राचं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालू नका. साखळीचं सांगितलंच, पण तांबळडेगसारख्या पुळणीवर थंडीत कासवं अंडी घालतात, वाळूखाली घरटं कुठे आहे ते वरून दिसत नाही. सड्यावरही मोकळं रान आहे म्हणून वाट सोडून सुटू नका. एकतर गवत वाढलं की जांभ्याचे चिरे काढलेल्या जुन्या खाणी दिसत नाहीत. सरळ कापलेली दहा-पंधरा फुटांची भिंत, खाली हिरवं पाणी, आणि काठाला कुंपण नाही. दुसरं म्हणजे कातळशिल्पं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणी जांभ्यात माणसं-जनावरं कोरली. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ज्या कोकणातल्या जागा गेल्या त्यात ती आहे. अशी शिल्पं असलेल्या एका सड्यावर मी टायरचे ताजे वळसे पाहिलेत. माझेच टायर आहेत की काय, असं आधी वाटून गेलं, इतकी ती नक्षी ओळखीची होती. हल्ली मी वाटेवरच गाडी लावतो आणि पुढे चालत जातो.

बाकी मी कुणाला सल्ला देत नाही, परीक्षा घेतो. खळ्यात गाडी हळूच आडवी करतो आणि म्हणतो, "उचल." परवा बहिणीचा मुलगा आला होता. पहिल्यांदा हँडल धरून ओढत बसला, जमेना. मग मी दाखवलं. पाठ गाडीकडे, ढुंगण सीटला, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी, आणि जोर पायांचा. दुसऱ्या खेपेला उभी राहिली. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच आडवी केली आणि स्वतःच उचलली. टाकीतून सांडलेलं पेट्रोल शेणाने सारवलेल्या जमिनीत जिरत होतं, बायको पडवीतून बघत होती. घाम पुसत तो म्हणाला,

"मायलेज किती देता, काका?"

अडतीस, म्हटलं. सड्यावर तीस धर. आणि शनिवारी मोकळा असलास तर कोल्हापूरला जाऊन येऊ, तिथे एक बघून ठेवलीय.