शाळेच्या पर्जन्यवृक्षावरची घार

इंग्लंडमध्ये तांबडी घार एकोणिसाव्या शतकातच नाहीशी झाली. लोकांनी तिला गोळ्या घातल्या, विष घातलं. १९८९ पासून बाहेरच्या देशांतून पिल्लं आणून ती पुन्हा वसवायला सुरुवात झाली आणि आमच्या लीड्सजवळ, हेअरवूडच्या परिसरात, १९९९ मध्ये घारी सोडल्या गेल्या. आज त्या शहराच्या उत्तर भागावर आरामात घिरट्या घालतात. माझ्या मुलीच्या शाळेत खेळ ऐन रंगात आला असताना एखादी दिसली, तरी पोरं बॉल सोडून वर बघत उभी राहतात.

ह्या हिवाळ्यात मुंबईला आले तेव्हा वहिनीच्या शाळेत जायचा योग आला. विक्रोळीतली पालिकेची मराठी शाळा, सहावीचा वर्ग. भिंतीवर मुलांनीच रंगवलेली ‘वाघ वाचवा’ची चित्रं होती. कोणाकोणाला वाचवायला हवं असं विचारलं तर वाघ, हत्ती, पांडा अशी नावं भराभर आली. घारीचं नाव कोणी घेतलं नाही. खिडकीबाहेर त्या वेळी तीन घारी फिरत होत्या.

वहिनीने मुलांना मैदानात आणलं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की एकच घार निवडायची आणि दहा मिनिटं फक्त तिच्याकडेच बघायचं. पहिली दोन-तीन मिनिटं ढकलाढकलीत गेली. मग एक मुलगी म्हणाली, “ताई, ती पंख हलवतच नाहीये. नुसती शेपटी वळवते.” तिचं निरीक्षण अचूक होतं. घार शेपटी तिरकी करून वळते आणि त्या शेपटीला मधोमध खाच असते. बाकीच्यांना ती खाच दिसेपर्यंत चैन पडेना. तेवढ्यात एका मुलाला पर्जन्यवृक्षाच्या वरच्या बेचक्यात घरटं दिसलं. काटक्यांमध्ये लाल चिंधी, दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि खाली लोंबणारा निळा दोरा.

तो दोरा मांजा होता. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

इथून पुढे मला फार बोलावंच लागलं नाही. घार मांजा घरट्यात का नेते, पिल्लाच्या पायात तो अडकला तर काय होतं, पंखात अडकला तर ती उडू शकते का, सगळे प्रश्न मुलांचेच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे हे सांगितलं, तेव्हा दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी घरून मांजाची चाती आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. मुलांनी मैदानातल्या हाताला पोचणाऱ्या फांद्यांवरचा मांजा गोळा केला, वरचा शिपाईकाकांनी बांबूने काढून दिला. घरट्याला मात्र कोणी हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. जखमी पक्षी सापडला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवायचा, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय.

मला मनापासून वाटतं, की मुलांना जंगलाची गोडी लावायची असेल तर सुरुवात घराशेजारच्या जिवापासून करावी. सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला १९९१ मध्येच सांगितलं, आपल्याकडे तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, पुस्तकंही चांगली आहेत. पण परिसर खिडकीबाहेर असतो आणि तास वर्गात होतो. वहिनीसारख्या शिक्षकांना पोर्शन संपवायची घाई असते. आठवड्यातून दहा मिनिटं मैदानात जायची मोकळीक त्यांना मिळायलाच हवी, ती देणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे.

इंग्लंडमध्ये दर जानेवारीत लाखो लोक तासभर आपल्या अंगणातले पक्षी मोजतात. १९७९ मध्ये हा उपक्रम मुलांसाठी म्हणून सुरू झाला, मोठी माणसं मागाहून आली. नियम साधा आहे. एका जातीचे जितके पक्षी एकाच वेळी दिसले, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. अशा नोंदींतून चिमण्या आणि तिथल्या साळुंकीच्या जातीचे पक्षी किती घटले ते कळलं. आपण लिहिलेला आकडा कोणीतरी वापरतं, ही जाणीव मुलांना फार मोठं करते. भारतातही दर फेब्रुवारीत चार दिवस अशीच पक्षीगणना होते, शाळा-कॉलेजांना भाग घेता येतो. विक्रोळीच्या वर्गाने हाच नियम वापरून आपल्या मैदानात कावळे, साळुंक्या, तांबट, दयाळ आणि अर्थातच घारी मोजल्या.

लीड्सच्या मुलांना मी एकदा सांगितलं, की माझ्या माहेरच्या शहरात १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात बिबटे राहतात. त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या देशातले लांडगे आणि लिंक्स शेकडो वर्षांपूर्वी संपले. ह्या उद्यानाला लागून असलेल्या आरेतल्या पाड्यांवरची वारली मुलं मात्र वाघोबाला देव मानणाऱ्या घरांत वाढतात. अंधारात एकटं जायचं नाही, मोठ्याने बोलत चालायचं, उघड्यावर कचरा टाकायचा नाही, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, हे त्यांना पाठ असतं. मुंबईच्या बाकी शाळांनी ह्या मुलांना बोलवावं आणि त्यांच्याकडून ऐकावं, असं मला फार वाटतं.

मी परतले, तरी सहावीचं काम चालू आहे. पावसाळ्याआधी पालिकेची माणसं झाडं छाटायला येतात. वरच्या बेचक्यात पिल्लं असतील तर काय, हा प्रश्न मुलांना पडला. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाला त्यांनी अर्ज लिहिलाय. वहिनीने त्याचा फोटो पाठवला. पिल्लं उडून जाईपर्यंत पर्जन्यवृक्षाची वरची फांदी छाटू नये, अशी विनंती आहे. सोबत घरट्याची जागा दाखवणारं चित्र आहे आणि खाली अख्ख्या वर्गाच्या सह्या.