भरती कळते, वारा कळत नाही

रविवार, रात्री उशिरा

रजेचा अर्ज दीड महिना आधी द्यायचा असतो. वारा कुठून वाहणार हे जेमतेम तीन-चार दिवस आधी कळतं. आणि समुद्रकाठी मला जे स्थलांतरित पक्षी बघायचेत ते काही माझी रजा मंजूर झाली का हे बघून येत नाहीत, वारा बघून येतात. सगळं घोडं इथंच अडलंय. दोन तास वही घेऊन बसले आहे आणि आत्तापर्यंत वहीत एका बोटीचं चित्र तेवढं झालंय.

गेल्या वर्षी मी फार हुशारीनं आखणी केली होती. तिकिटं वेळेवर, खोली समुद्रासमोरची, दुर्बीण पुसून ठेवलेली, पक्ष्यांची यादी चिकटवहीत. तिथं पोचले आणि पहाटे खिडकी उघडली तर समुद्रच नाही! ओहोटी. किनाऱ्यापासून पार दूरवर चमकणारा चिखल, आणि त्याच्या टोकाला मोहरीच्या दाण्यांएवढे ठिपके. ते ठिपके हलत होते, म्हणजे पक्षी होते, एवढंच खात्रीनं सांगता येईल. तीन दिवस सकाळी ओहोटी आणि पाणी चढायचं ते भर दुपारी, उन्हानं सगळं थरथरत असताना. परतताना धाकटीनं फोनवर विचारलं, "ताई, किती दिसले?" म्हटलं, "पुष्कळ." खोटं नव्हतं ते. फक्त कोणते दिसले, हे तिनं विचारलं नाही.

या वेळी तीही येते म्हणाली आहे. तिला पक्ष्यांत अजिबात रस नाही, समुद्रात आहे. म्हणून हा घोटाळा पुन्हा परवडणार नाही.

मंगळवार

आज भरतीचं कोष्टक उघडून बसले. हे काम मला वाटलं होतं त्याहून गोड निघालं. वारा चार दिवसांपलीकडे खात्रीनं सांगता येत नाही, पण भरती वर्षभर आधी मिनिटांपर्यंत छापून ठेवता येते, कारण ती चंद्र-सूर्याच्या हिशेबावर चालते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठं पाणी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी. मराठीत एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी तो हिशेब मोठ्या ऐटीत लावून बघितला आणि आमच्या निवडलेल्या गावाच्या कोष्टकाशी तो चक्क दोन तासांनी चुकला. मग उमगलं की प्रत्येक किनाऱ्याचा स्वतःचा उशीर असतो. खाडीचं तोंड, तळाचा उतार, किनाऱ्याची वळणं, सगळं मिळून पाण्याला अडवतं किंवा ढकलतं. हिशेब खोटा नव्हता, तो दुसऱ्या किनाऱ्याचा होता.

त्याहून मोठा शोध असा की एका गावात उधाणाची भरती वर्षभर साधारण घड्याळातल्या त्याच वेळेला येते. मी इतकी वर्षं समुद्रावर जाते आहे आणि हे कधी लक्षातच आलं नव्हतं. या गावात उधाण म्हणजे दुपारी एक-सव्वा. म्हणजे गेल्या वर्षी माझं नशीब खोटं नव्हतं. पौर्णिमेला गेले की तिथं सकाळी ओहोटीच असणार, हे आधीच ठरलेलं होतं. मी बघितलं नाही, एवढंच.

काय हवंय ते एकदा स्वतःपुरतं लिहून ठेवते. पाणकाठचे पक्षी ओहोटीला चिखलभर विखुरतात, कारण जेवण तिथं असतं. पाणी चढायला लागलं की ते मागे सरकतात आणि पाणी त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास म्हणजे खरं नाटक. पूर्ण भरतीला ते एखाद्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीनं, एका पायावर, चोच पिसांत खुपसून झोपतात. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पिसांचे रंग कळतात. दुपारनंतर सगळेच काळे. तेव्हा सकाळी चढतं पाणी हवं.

पण सकाळी नऊला भरती हवी तर ती येते नवमी-दशमीला, आणि ते भांगाच्या जवळचं पाणी. अर्ध्या मनानं चढतं, अर्धा चिखल उघडाच ठेवतं, पक्ष्यांना जागचं हलायचं कारणच उरत नाही. उजेड चांगला हवा की पाणी मोठं हवं? आज इथंच थांबते.

गुरुवार

द्वादशी ते पौर्णिमा. ठरलं. द्वादशीला भरती अकराला, मग पाऊण-पाऊण तास पुढे सरकत पौर्णिमेला सव्वाला. पहिल्या दिवशी साडेआठ ते अकरा पाणी चढताना बघता येईल, ऊनही फार वर आलेलं नसेल. पाणी दिवसागणिक मोठं होत जाईल. चार दिवसांची रजा. यात उजेडाचाही थोडा तोटा आहे, पाण्याचाही थोडा, पण सौदा मला मान्य आहे.

आता महिना कोणता, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. नोंदींच्या संकेतस्थळांवर आठवड्यागणिक कोणता पक्षी किती वेळा दिसला याचे आडवे पट्टे असतात. ईबर्डवर तर महिन्याचे चार तुकडे करून वर्षाचे अठ्ठेचाळीस. ते बघताना एक गोष्ट पुन्हा जाणवली जी माहीत असूनही दर वर्षी अंगावर येते. उत्तरेकडे घरटी करणाऱ्या या पक्ष्यांपैकी कितीतरी जातींत मोठे आधी निघून जातात. पिल्लं मागे राहतात, खातात, जाड होतात आणि काही आठवड्यांनी निघतात, त्याच वाटेनं, जी त्यांनी कधी पाहिलेली नाही. वाट दाखवायला आई-बाप बरोबर नसतात.

म्हणजे महिना निवडणं हे कोणाला भेटायचं ते निवडणं आहे. लवकर गेलं तर मोठे भेटतील, विणीच्या हंगामाचे रंग उडत चाललेले, पिसं झिजलेली, पाहुण्यांसारखे थकलेले. उशिरा गेलं तर पिल्लं, प्रत्येक पिसाला नवी फिकट किनार, जणू इस्त्री करून आलेली. अंगावर खवल्यांची नक्षी दिसली की समजायचं, याची ही पहिलीच फेरी. मी पिल्लं निवडली. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपण शाळेच्या सहलीला चाललोय." तसंच काहीसं.

शनिवार

अर्ज दिला. कारण या रकान्यात "वैयक्तिक" लिहिलं. "चढतं पाणी" लिहायचा मोह झाला होता.

बुधवार

आज कामात लक्ष लागलं नाही म्हणून पाणटिवळ्यांबद्दल वाचत बसले. इंग्रजीत गॉडविट. लांब, किंचित वर वळलेली चोच, चिखलात मुळापर्यंत खुपसून खातो. त्यातल्या पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्यांपैकी अलास्कात वाढणारे पॅसिफिक एका दमात ओलांडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये बी-६ असं नाव दिलेल्या एका पिल्लाच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं छोटं यंत्र होतं. ते अलास्काहून निघालं आणि अकरा दिवसांनी टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता. वय पाच महिने. हा पक्षी बदकासारखा पाण्यावर बसून विसावा घेणारा नव्हे, म्हणजे "जरा टेकू" ही सोयच नाही.

निघण्याआधी तो अंगात इतकी चरबी साठवतो की वजनाचा जवळपास निम्मा भाग तीच असते. आणि मग जठर, आतडी, यकृत असे अवयव आकसून घेतो. वाटेत खायचं नाही तर जेवणाची यंत्रणा कशाला वाहून न्यायची? हे वाचल्यावर मी माझ्या सामानाच्या यादीकडे बघितलं. तिच्यात तीन जाकिटं होती.

मात्र मला जास्त भावलं ते वेगळंच. हे पाणटिवळे वाटेल त्या दिवशी निघत नाहीत, वादळाची वाट बघतात. कमी दाबाचं क्षेत्र पुढे सरकलं की त्याच्या मागच्या अंगाला दक्षिणेकडे वाहणारा वारा मिळतो, त्यावर स्वार होऊन सुटतात. म्हणजे तेही तारीख ठरवत नाहीत. तयारी पुरी करून किनाऱ्यावर बसून राहतात.

रविवार

चार दिवसांऐवजी तीनच मंजूर झाले. अर्धा तास चिडचिड करून घेतली आणि पौर्णिमा सोडून दिली. सव्वाची भरती, डोक्यावर ऊन, फार नुकसान नाही. शेवटी कोष्टक असं उपयोगी पडतं: काय सोडायचं ते कळतं.

संध्याकाळी धाकटी आली होती. तिला दुर्बीण डोळ्यांच्या अंतराला जुळवून दिली, उजव्या डोळ्याची चकती स्वतंत्र फिरवायला शिकवली. आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटरची साधी दुर्बीण. ती म्हणाली, "ताई, पण आपण समुद्र बघायला जायचं की चिखल?" मी म्हटलं, चिखल म्हणजे समुद्राचं ताट समज. तिला पटलं नाही. मला सांगता आलं नाही असंही असेल. चिखलातल्या किडे-शिंपल्यांवर अर्धी पृथ्वी ओलांडणारे पक्षी जगतात. चीनकडच्या पीत समुद्राच्या काठचे असेच चिखलपट्टे २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, ताजमहालाच्या पंगतीत. हे ऐकून मात्र तिनं भुवया उंचावल्या.

मग तिला एक काम दिलं. काही पक्ष्यांच्या पायांत रंगीत पट्ट्या असतात, अभ्यासकांनी बसवलेल्या. कोणता रंग, वर की खाली, डावा पाय की उजवा, त्यावर कोणती अक्षरं, यावरून तो कुठं पकडून सोडला होता ते कळू शकतं. माझे डोळे आता पक्ष्याची जात ओळखण्यातच दमतात. तिची नजर टोकदार आहे, दुकानाची लांबची पाटी ती माझ्या आधी वाचते. पट्ट्या वाचायचं काम तिचं. "डावा म्हणजे त्याचा डावा की माझा?" हा तिचा पहिलाच प्रश्न होता आणि तो अनुभवी माणसंही चुकतात असा आहे. त्याचा.

दोन गोष्टी मात्र बजावल्या. झोपलेल्या थव्याकडे चालत जायचं नाही. माना वर झाल्या की आपण थांबायचं, एक-दोन पक्षी चालू लागले की मागे फिरायचं. फोटोसाठी उडवलेला थवा सुंदर दिसतो, पण ती त्यांनी साठवलेली चरबी आपण खर्च करतो. आणि चिखलावर आत जायचं नाही. पाणी समोरून येताना दिसतं, पाठीमागच्या नाळीत शिरलेलं दिसत नाही.

निघण्याआधी चार दिवस

आता वाऱ्याचं पान उघडायला हरकत नाही. उघडलं. पहिले दोन दिवस पक्ष्यांना समोरून वारा आणि रात्री पाऊस, तिसऱ्या दिवशी उघडीप.

हे वाचून आनंद झाला आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. रात्री समुद्रावरून येणारे छोटे पक्षी समोरचा वारा आणि पाऊस लागला की दमून दिसेल त्या पहिल्या झुडपात उतरतात. सकाळी किनाऱ्यालगतची झुडपं गच्च भरलेली, हाताच्या अंतरावर, माणसाची भीती बाळगायचंही त्राण नसलेले. बघणाऱ्यांसाठी पर्वणी. त्यांच्यासाठी ती जिवावर बेतलेली रात्र, आणि कितीजण किनाऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत हे झुडूप सांगत नाही. मी पाऊस मागितला नाही. पण पान तीनदा ताजं करून बघितलं.

धाकटीचा निरोप: "पाऊस आहे म्हणे. रद्द करायचं का?"

लिहिलं, "नाही. छत्री नको, टोपीचं जाकीट आण."

रात्री बॅग भरली. दुर्बीण, तिपाई, भिंगावरची खारट तुषारं पुसायला ओलं कापड, कोष्टकाची प्रत. तीनपैकी दोन जाकिटं काढली. पक्ष्यांचं जाडजूड पुस्तकही काढलं, सगळं फोनमध्ये आहेच. दिवा मालवला. मग उठून पुस्तक परत आत ठेवलं.