उलट्या कामाची पवनचक्की

पाणी उपसून बाहेर टाकण्यासाठी बांधलेल्या एका पवनचक्कीला उतारवयात पाणी आत भरायचं काम लावलं गेलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ईशान्येला विकन फेन नावाची दलदल आहे, तिथे ती उभी आहे. कॅलेंडरवरच्या डच पवनचक्क्यांच्या मानाने ठेंगणीच. लाकडी फळ्यांचं अंग, चार पाती आणि पायाशी फळ्या बसवलेलं एक चाक. वारा सुटला की पाती फिरतात, दातेरी चाकं ती गती खाली आणतात आणि खालचं चाक चरातलं पाणी ढकलत ढकलत वरच्या पाटात चढवतं. ते पाणी कोणाच्या बाजूचं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ते ठरवणारी माणसं, आणि मतं बदलली तीही माणसांचीच.

पूर्व इंग्लंडचा हा सगळा सखल मुलूख एकेकाळी पाणथळ होता. 1630 मध्ये बेडफर्डचा अर्ल या बड्या उमरावाने पैसेवाले भागीदार जमवून तो सुकवायला काढला. पुढे व्हरमायडेन हा डच इंजिनिअर आला, सरळसोट कालवे खणले गेले आणि भागीदारांना मोबदल्यात जमिनी मिळाल्या. मासे, बदकं आणि लव्हाळ्यावर ज्यांचं पोट होतं त्यांनी बांध फोडून पाहिले. पैशापुढे ते किती टिकणार!

पण जमिनीने वेगळाच सूड उगवला. तिथली माती म्हणजे पीट, हजारो वर्षं पाण्याखाली पुरती न कुजता साचलेला पालापाचोळा. पाणी गेलं, हवा शिरली, तशी ती कुजू लागली, आक्रसली, वाऱ्याबरोबर उडू लागली. शेतं खाली बसत गेली आणि नद्या-कालवे त्यांच्या वर राहिले. मग शेतातलं पाणी वर चढवायला पवनचक्क्या आल्या. पाणी उपसलं की जमीन आणखी बसायची आणि ती बसली की आणखी उपसावं लागायचं. वारा पुरेना तेव्हा वाफ आली. विकनपासून जवळच स्ट्रेटहॅमला 1831 मध्ये बसवलेल्या एका वाफेच्या इंजिनाने चार पवनचक्क्यांना घरी बसवलं.

याच मुलखात होम फेन इथे 1851 च्या सुमारास एक लोखंडी खांब माथ्यापर्यंत जमिनीत गाडला होता. आज तो सुमारे 4 मीटर उघडा आहे. खांब जागचा हललेला नाही, जमीनच खाली गेली. मला तर पवनचक्कीपेक्षाही हा खांब आवडतो. इतका बिनतोड हिशेब कुठल्या अहवालाला जमला असता?

विकनचा तुकडा मात्र वाचला. घरं शाकारायला लागणारं गवत गावकरी तिथून कापून नेत, त्यामुळे तो सुकवण्यापेक्षा ओला ठेवण्यातच फायदा होता. पुढे पतंग आणि भुंगेरे गोळा करणाऱ्या हौशी मंडळींचं लक्ष तिकडे गेलं. 1899 मध्ये नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने तिथली 2 एकर जागा 10 पौंडांना घेतली. आज तेवढ्यात दोघांचा चहा-केक व्हावा. नंतर देणग्यांतून आणि खरेदीतून राखीव क्षेत्र वाढत गेलं.

आता अडचण उलटी झाली. भोवतालची शेतं बसली आणि मधली दलदल उंच राहिली. तिच्यातलं पाणी खाली झिरपायचं. दलदलच वाळायला लागली म्हणजे काय करायचं? शेजारच्या ॲडव्हेंचरर्स फेनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक लाकडी पवनचक्की होती. जळणासाठी पीट खणलेल्या खड्ड्यांतलं पाणी उपसायला बांधलेली. 1956 मध्ये ती तिथून हलवून विकनला आणली आणि पाणी दलदलीत चढवायला लावली. या मुलखातल्या पाणी उपसणाऱ्या चालत्या लाकडी पवनचक्क्यांपैकी ही शेवटची. बाकीच्या मुलखात मात्र विजेचे आणि डिझेलचे पंप अजून पाणी बाहेरच फेकतात. ते थांबले तर शेतं बुडतील.

1999 मध्ये ट्रस्टने शंभर वर्षांची योजना मांडली. केंब्रिजच्या दिशेने जमिनी मिळतील तशा घेत ही दलदल सुमारे 53 चौरस किलोमीटरपर्यंत न्यायची. आसपासच्या काही शेतकऱ्यांना हे रुचलेलं नाही. इतक्या कसदार जमिनीत पाणी का घालायचं, असं ते विचारतात. हा प्रश्न मला उडवून लावावासा वाटत नाही, खायला सगळ्यांनाच लागतं. पण नांगरलं तर ती कसदार माती दरवर्षी थोडी थोडी कमी होणार, हेही त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दरम्यान ट्रस्टने तिथे कोनिक जातीची तट्टं चरायला सोडली आहेत. झुडपं वाढू न देण्याचं काम ती खाता खाता उरकतात.