ऊन, पाऊस आणि खिंड: लांबच्या मोटरसायकल प्रवासातील पोशाखाचा वृत्तांत

आमच्या या प्रवासाचा मार्ग रायडिंगच्या कपड्यांची सर्व बाजूंनी परीक्षा पाहणारा होता. पहिला टप्पा सपाट मैदानातून जाणाऱ्या सरळ महामार्गाचा आणि कडक उन्हाचा होता, दुसरा वळणावळणांच्या घाटाचा, जेथे पावसाने गाठले, आणि शेवटचा उंचावरील खिंडीचा, जेथे भर दुपारीही हवा 10 अंशांच्या वर गेली नाही. आम्हा चौघांपैकी एकाचा पोशाख चामड्याचा होता, एकाचा जाळीदार कापडाचा आणि उरलेल्या दोघांचा जाड विणीच्या कापडाचा. त्यामुळे एकाच हवेत, एकाच वेगात कोणाचे काय होते हे जवळून पाहता आले. जॅकेट कशाचे आहे यावर जितका वाद होतो, त्याच्या निम्मादेखील विचार ते अंगावर कसे बसते याचा होत नाही, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र दुसऱ्याच गोष्टीला अधिक महत्त्व येते, असे माझे या प्रवासानंतरचे ठाम मत आहे.

खरेदी करताना आतले लेबल अवश्य वाचावे. 2020 पासून लागू असलेल्या ईएन 17092 या युरोपीय मानकात कपड्यांचे एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. घर्षणाला सर्वाधिक टिकणारा वर्ग एएए असून लांबच्या प्रवासासाठी एए हा बहुतेकांना झेपणारा मध्यममार्ग ठरतो. बी वर्गाच्या कपड्याचे घर्षणरोधन ए वर्गाइतकेच असले तरी त्यात आघात शोषणारी संरक्षके नसतात, आणि सी वर्गाचा कपडा म्हणजे केवळ संरक्षके जागेवर धरून ठेवणारे आवरण होय. ते दुसऱ्या कपड्याच्या जोडीनेच वापरायचे असते. खांदा, कोपर आणि गुडघ्याच्या संरक्षकांसाठी ईएन 1621 मालिकेतील पहिला भाग लागू होतो. चाचणीत 50 ज्यूल ऊर्जेचा आघात केला जातो आणि संरक्षकातून पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या स्तरात 35 किलोन्यूटनपर्यंत, तर दुसऱ्या स्तरात 20 किलोन्यूटनपर्यंतच चालते. पाठीच्या संरक्षकासाठी हेच आकडे 18 आणि 9 असे आहेत. अनेक जॅकेटांच्या पाठीच्या खिशात खऱ्या संरक्षकाऐवजी नुसता मऊ फोम असतो, म्हणून तो बाहेर काढून त्यावर स्तराचा उल्लेख आहे का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 2018 साली सुरू झालेला मोटोकॅप हा उपक्रम कपड्यांना संरक्षणासाठी आणि उष्णतेतील सुखावहतेसाठी वेगवेगळे तारे देतो. हे दोन गुण एकाच कपड्यात भरपूर मिळणे किती दुर्मिळ आहे, हे त्या यादीवर नजर टाकताच लक्षात येते.

मात्र कोणताही वर्ग किंवा स्तर संरक्षक योग्य जागी आहे असे गृहीत धरूनच दिलेला असतो. जॅकेट आरशासमोर उभे राहून पाहण्यात फारसा अर्थ नाही. ते घालून मोटरसायकलवर, किंवा तशाच उंचीच्या बाकावर, हात हँडलपर्यंत पुढे करून बसावे. मनगट उघडे पडता कामा नये, पाठीचा खालचा भाग झाकलेला राहावा आणि गळपट्टी हनुवटीखाली रुतू नये. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी कोपरावरचा संरक्षक चिमटीत धरून हाताभोवती फिरवायला सांगावे. तो सहज फिरत असेल, तर रस्त्यावर घसरताना तो कोपरावर राहणार नाही. पँटच्या बाबतीत उभे असताना गुडघ्याचा संरक्षक किंचित खाली आहे असे वाटणे योग्यच आहे, कारण बसल्यावर कापड वर ओढले जाते आणि तो नेमका वाटीवर येतो. उभे असताना अचूक वाटणारी पँट बसल्यावर मांडीचे रक्षण करते आणि गुडघा उघडा टाकते.

मैदानातील टप्प्यात याचा प्रत्यय लवकरच आला. एका सोबत्याचे जॅकेट हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम एक माप मोठे घेतलेले होते. वेग वाढताच बाह्या आणि पाठ शिडासारख्या फुगून फडफडू लागल्या, त्या ओढीने त्याचे खांदे दुपारपर्यंत भरून आले आणि प्रत्येक थांब्यावर कोपराचे संरक्षक पुन्हा जागेवर आणावे लागले. दंडावरचे आणि कमरेचे पट्टे आवळल्यावर फरक पडला, पण पट्टे लहानशी तफावत भरून काढतात, मापाची चूक नव्हे. चामड्याचे जॅकेट अंगाला नेमके बसलेले असल्याने त्याची फडफड मुळीच नव्हती. थांबल्यावर मात्र ते घालणाऱ्याची अवस्था पाहवत नव्हती.

उन्हाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे सर्वसाधारण समज उलटा आहे. जाळीदार जॅकेट जितके मोकळे तितके चांगले, हे हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंतच खरे असते. तापमान 35 अंशांच्या वर गेले की वारा अंगातील उष्णता नेण्याऐवजी अंगात उष्णता आणू लागतो आणि थंडावा केवळ घामाच्या बाष्पीभवनातूनच मिळतो. अशा वेळी पूर्ण जाळीच्या जॅकेटमध्ये घाम इतक्या वेगाने वाळतो की आपल्याला घाम येतच नाही असे वाटते आणि पाणी पिण्याकडे दुर्लक्ष होते. आमच्यापैकी जाळीदार जॅकेटवाल्याने प्रत्येक थांब्यावर आतला बनियन ओला करून घातला आणि छातीवरची झडप अर्धी मिटून ठेवली, तेव्हा दुपारी तोच सर्वांत ताजातवाना होता. आतील थरासाठी सुती कपडा टाळावा. तो घाम शोषून ओलाच राहतो, आणि आसनाखाली आलेली त्याची जाड शिवण काही तासांनी नको तेथे सालटे काढते. सपाट शिवणीचा पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ थर हा खर्च करण्यासारखा आहे.

घाटात हातमोजे आणि बूट यांच्याकडे लक्ष गेले. सतत क्लच आणि ब्रेक वापरताना बोटांच्या टोकाला मोकळे कापड उरले असेल तर लिव्हरवरचा अंदाज चुकतो, आणि बोटे टोकाला टेकत असतील तर नखे दुखू लागतात. हातमोजे नेहमी मूठ वळवून पारखावेत. मनगटाचा पट्टा बांधल्यावर मोजा बोटांकडून ओढून निघतो का, हेही पाहावे, कारण पडताना निघून जाणाऱ्या मोज्याचा काही उपयोग नाही. ईएन 13594 च्या चिन्हाखाली केपी अशी अक्षरे असतील तर बोटांच्या सांध्यांवरील संरक्षणाची चाचणी झालेली असते. बुटांवर ईएन 13634 सोबत चार आकडे असतात. शेवटचा आकडा तळव्याच्या आडव्या कणखरपणाचा, म्हणजे मोटरसायकल पायावर आडवी झाल्यास बूट किती चेपेल याचा असतो. घोट्याच्या वर जाणारा आणि नाड्या मोकळ्या न सोडणारा बूट असावा, इतके पुरे.

पाऊस घाटाच्या मध्यावर आला. जलरोधक पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असेल तर पाणी वरून निथळून जाते. तोच पडदा आत सुटा टांगलेला असेल तर अंग कोरडे राहते, पण बाहेरचे कापड भिजून जड होते आणि पुढे वाऱ्यात तासन् तास थंडी देत राहते. काढता येणाऱ्या जलरोधक अस्तराचा तोटा असा की ते चढवण्यासाठी रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवावे लागते, तेही नेमके सर पडत असताना. वरून घालायचा साधा रेनसूट मला या तिन्हींपेक्षा सोयीचा वाटला. तो बुटांसकट घालायचा असल्याने पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय आत सरकवावा, म्हणजे बूट अस्तरात अडकत नाही. हात पुढे सरळ असतील तर बाही हातमोज्याच्या वर ठेवावी, आणि हँडल उंच असून मनगट कोपराच्या वर राहत असेल तर उलट करावे. अन्यथा पाणी मोज्यात किंवा कोपरापर्यंत उतरते.

खिंडीकडे चढताना आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. हवा 10 अंशांची असली तरी ताशी 80 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती सुमारे 4 अंशांसारखी भासते. प्रथम बोटे आणि मान गारठतात. मानेभोवती वारा अडवणारी नळीसारखी पट्टी घातल्याने आतील आणखी एका स्वेटरपेक्षा अधिक ऊब मिळाली, असा आम्हा सर्वांचा अनुभव होता. थर वाढवताना जॅकेट इतके आवळू नये की आतली हवाच दाबली जाईल. म्हणून थंडीत जे आत घालणार ते दुकानात जातानाच सोबत न्यावे आणि त्यासह माप घ्यावे.

परतीच्या वाटेवर अंधार पडला तेव्हा मागे राहून मी सोबत्यांकडे पाहत होतो. काळ्या जॅकेटच्या पाठीवरची परावर्तक पट्टी पाठपिशवीने पूर्ण झाकली होती आणि दिव्याच्या खालच्या झोतात सर्वांत आधी दिसत होते ते बुटांच्या टाचेवरचे लहान परावर्तक तुकडे. पिशवी न्यायची असेल तर तिच्यावर परावर्तक आवरण चढवावे.

पोहोचल्यावर संरक्षके काढून कापडी पोशाख सौम्य साबणाने धुवावा, चामडे सावलीत वाळवावे, आणि आसनाच्या व खांद्याच्या शिवणी उजेडात ताणून तपासाव्यात. ज्या संरक्षकाने एकदा जोराचा आघात झेलला असेल, तो वरून धड दिसत असला तरी बदलावा.