ढालीखालची ढाल

ग्रंथ प्रदर्शनासाठी बाहेर जाणार असला की आधी त्याचं पान न् पान तपासून अहवाल करावा लागतो. एरवी हे रटाळ काम. कुठे कसरीचं भोक, कुठे ओलीचा डाग, कुठे सैल झालेली शिलाई, एवढंच हाती लागतं. त्या दिवशी टेबलावर प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांचा हस्तलिखित ग्रंथ होता: फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या मध्यावर चर्मपत्रावर उतरवलेला, त्याची एक्लॉग्ज, जॉर्जिक्स आणि ईनिड ही तिन्ही काव्यं एकाच बांधणीत. तक्रार ग्रंथालयाने आधीच कळवली होती. पहिल्या पानाच्या खालच्या समासात कुलचिन्हाची ढाल आहे, तिच्यावरून निळ्या रंगाचे पोपडे सुटत होते.

पान त्या काळच्या फ्लॉरेन्सच्या चालीचं. अक्षर फ्लॉरेन्सच्या पोज्जो ब्राच्चोलीनी आणि मंडळींनी, म्हणजे प्राचीन ग्रंथांच्या मागे लागलेल्या मानवतावादी विद्वानांनी, 1400 च्या सुमारास रूढ केलेलं, गोल आणि मोकळं. शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. आद्याक्षर सोन्याचं आणि भोवती पांढऱ्या वेलींचं जाळं. या वेली रंगवलेल्या नसतात. वेलीच्या जागी कोरं चर्मपत्र सोडून मधल्या फटी निळ्या, हिरव्या, गुलाबी रंगाने भरतात आणि वर पांढरे ठिपके तिनातिनाने देतात. मानवतावाद्यांनी अक्षर आणि वेली दोन्ही प्राचीन समजून उचलल्या. प्रत्यक्षात त्यांच्यासमोरच्या वेलींच्या पोथ्या जेमतेम तीनशे वर्षं जुन्या होत्या, पण त्या गैरसमजातून निघालेलं पान देखणं आहे हे मान्य करावंच लागतं.

रंग सुटला की पहिला संशय दमटपणावर. चर्मपत्र कमावलेलं कातडं नव्हे. चुन्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवलेली ती कातडी असते. ओलावा वाढला की फुगते, कमी झाला की आकसते, आणि वरचा ताठर रंग तिच्या मागे जाऊ शकत नाही म्हणून तडकतो. पण तसं असतं तर वेलींमधला लाजवर्द, म्हणजे त्या नावाच्या दगडापासूनचा निळा रंग, सर्वांत आधी सुटला असता, कारण त्याचे कण भरड असतात आणि त्यात डिंक बेताचाच घालतात. तो तर जागच्या जागी होता. म्हणजे दुखणं ढालीपुरतंच.

सूक्ष्मदर्शकाखाली वीसपट मोठं करून पाहिलं. पोपडा उडालेल्या जागी चर्मपत्र दिसायला हवं होतं, तिथे पिवळी चमक होती. खाली घोटलेला सोन्याचा वर्ख.

मग अवरक्त छायाचित्र घेतलं. लाजवर्द अवरक्त प्रकाश परतवतो, त्यामुळे वेलींमधला निळा फिकट, जवळजवळ पांढरा आला. ढालीचा निळा मात्र काळाच राहिला. अझुराइट, म्हणजे तांब्याच्या खनिजाचा निळा, असेल म्हणून एक्सआरएफने, म्हणजे क्ष-किरणांच्या उपकरणाने, मूलद्रव्यं तपासली. अझुराइट असता तर तांबं दिसलं असतं, त्याचा पत्ताच नव्हता. शिसं, थोडं लोह आणि भरपूर सोनं मात्र मिळालं. नुसत्या लोहावर विसंबता येत नाही, ते शाईतूनही येतं. म्हणून परावर्तित प्रकाशाचा वर्णपट घेतला आणि उत्तर पक्कं झालं: प्रशियन निळा. हा रंग अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये प्रथम तयार झाला. ग्रंथ लिहिल्यानंतर किमान अडीच शतकांनी कुणीतरी ढाल नव्याने रंगवली होती.

पानाखाली पातळ, थंड दिव्याचा पत्रा सरकवला तेव्हा आधीची ढालही दिसली. वर्खातून उजेड येत नाही, म्हणून सोन्याचं क्षेत्र गडद आणि त्यातून तिरका जाणारा एक पट्टा उजळ. पट्ट्यावर एक्सआरएफने पारा दाखवला, म्हणजे हिंगूळ, पाऱ्यापासूनचा लाल रंग. सोन्यावर तिरका लाल पट्टा इटलीतल्या किती घराण्यांना असेल! तेवढ्यावरून नाव ठरवण्याच्या फंदात मी पडले नाही.

आता सुटण्याचं कारण उघड होतं. घोटलेला वर्ख काचेसारखा गुळगुळीत. रंगातल्या डिंकाला धरायला खरखरीत जागाच नाही. त्यात नंतरच्या रंगाऱ्याने खालचं लाल झाकायला थर जाड दिलेला.

संग्रहपालबाईंनी साहजिक प्रश्न विचारला, “पडतंच आहे, तर काढूनच टाकूया का? मूळ ढाल मोकळी होईल.” मोह मलाही झाला. पण वरचा निळा हा अठराव्या शतकात किंवा नंतर ग्रंथ ज्याच्याकडे होता त्याचा एकमेव पुरावा आहे आणि एकदा खरवडला की परत येत नाही. शिवाय सुरीचं टोक घोटलेल्या सोन्यावर ओरखडा उमटवल्याशिवाय राहत नाही. निळा ठेवायचं ठरलं.

चिकटवायला स्टर्जन माशाच्या वाताशयाचा सरस, एक टक्का. कोरडे तुकडे रात्रभर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवायचे, मग साठ अंशांच्या आत ठेवून विरघळवायचे. उकळला की सरसाची ताकद जाते. गाळून कोमट ठेवायचा. इथे खरी अडचण पाण्याची होती. वर्खाखाली जिप्सम, सफेदा, सरस आणि थोड्या साखरेचा लेप असतो. साखर मुद्दाम घालतात, म्हणजे नुसत्या श्वासाच्या ओलीने वर्ख धरतो. नेमका म्हणूनच तो पाण्याने चटकन मऊ पडतो आणि सोन्याची झिलई मरते. म्हणून आधी पोपड्याच्या कडेला इथेनॉलचा सूक्ष्म थेंब, तो फटीत शिरला की लगेच सर्वांत बारीक कुंचल्याने सरस. इथेनॉलमागोमाग सरस आपोआप आत ओढला जातो, पाणी कमी लागतं. अर्ध्या मिनिटाने सिलिकॉनच्या पातळ पडद्यावरून हलका दाब. सरस जास्त झाला तर कडेने चकचकीत कडं उमटतं आणि वाळताना आकसून पोपडा उलट वर उचलला जातो. एक पोपडा पूर्ण बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. सुटून पानाच्या घडीत पडलेले दोन कण जागा नक्की न कळल्याने चिठ्ठी लावून कुपीत ठेवले.

अहवालात पहिलं पान उघडं ठेवू नये असं लिहिलं. ढाल बसली असली तरी उघड्या पानावर ते धरून ठेवणाऱ्या पट्टीचा ताण येतो, आणि काचपेटी दिव्यांनी तापली की आतला ओलावा वरखाली होतो. आयोजकांना तेच पान हवं होतं. शेवटी ते चौथ्या जॉर्जिकच्या, मधमाश्यांच्या पानावर राजी झाले: उजेड पन्नास लक्स, सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, ग्रंथ शंभर अंशांहून जास्त उघडायचा नाही.