नागपूर ते कल्याण, आईला घेऊन

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला काही महिने ताईकडे कल्याणला ठेवायचं ठरलं आणि घरात वाद सुरू झाला: विमान की गाडी? भाऊ म्हणाला, विमानाने दीड तासात मुंबई, गाडीने तिचे हाल कशाला? मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला.

नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण 690 किलोमीटर. समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटर. अंतरात फारसा फरक नाहीच. विमानाचा दीड तास खरा, पण त्याआधी दोन तास विमानतळावर, उतरल्यावर सामानाची वाट आणि मग मुंबईच्या ट्रॅफिकमधून कल्याण, संध्याकाळ असेल तर दोन तास धराच. घर ते घर सहा-साडेसहा तास होतात. गाडीने दहा-अकरा. आमणे मात्र कल्याणच्या बाजूलाच, मुंबईत शिरायची गरज नाही.

शेवटी निर्णय झाला तो गुडघ्यामुळे. पाय फार वेळ दुमडून ठेवायचा नाही, दर दीड तासाने उठून चार पावलं टाकायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विमानाच्या दोन सीटांमध्ये तो पाय सरळ होणं कठीण. गाडीत मागची अख्खी सीट तिची. गुडघ्याखाली उशी, टाचेखाली घडी घातलेली चादर, असं करून ती आडवी रेलून बसली.

समृद्धीवर कडेला मनात येईल तिथे गाडी उभी करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं लागतं. त्यामुळे थांबे पेट्रोल पंपांच्या हिशेबाने ठरवले. निघायच्या आदल्या दिवशी टायर आणि हवा तपासून घेतली. सिमेंटचा रस्ता, वरून ऊन आणि वेग, त्यात जुना टायर नकोच. कारला 120 ची मर्यादा आहे, पण ड्रायव्हरदादांना मी आधीच सांगितलं होतं, भाऊ, शंभराच्या वर नको. सरळ रस्त्यावर डोळा लागू नये म्हणून प्रत्येक थांब्यावर तेही उतरून तोंड धुवायचे. जेवण घरचंच, पोळ्या आणि कोरडा झुणका. आई वॉकर घेऊन पंपाच्या सावलीत फेऱ्या मारायची आणि परत बसायची.

मला धास्ती होती ती शेवटच्या टप्प्याची. कसारा घाटात आईला हमखास गाडी लागते. पण इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा 76 किलोमीटरचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून तो घाट लागतच नाही. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ खाली उतरते. लिंबू हातात धरून बसलेली आई बाहेर आल्यावर म्हणाली, "घाट कधी येणार गं?"

पहाटे पाचला निघालेलो, चारच्या सुमारास ताईच्या दारात होतो.

परत येताना पाय वाकत होता, तेव्हा विमानच घेतलं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली होती, त्यामुळे गेटपासून विमानाच्या दारापर्यंत तिला चालावं लागलं नाही. दुपारचं विमान घेतलं, कारण सकाळच्या विमानासाठी कल्याणहून मध्यरात्रीच निघावं लागतं. नागपूरला उलट सुख. सोनेगावचं विमानतळ शहराला लागूनच, मनीषनगरला घरी यायला वेळ लागत नाही. यवतमाळहून येणाऱ्यांनी मात्र विमानाच्या हिशेबात तो प्रवासही धरावा. त्यांना समृद्धीच सोयीची पडेल, असं मला वाटतं.